रंगाऱ्याचा घोडा आणि लाल गळ्याचा पाहुणा

मित्रांनो, मी एका रंगाऱ्याचा जुना लाकडी घोडा. चार पाय, पाच पायऱ्या, आणि आयुष्यात स्वतःहून एक पाऊल टाकलेलं नाही. माझी गोष्ट पायापायानं सांगतो.

पहिला पाय. रंगाऱ्याचे सासरे सुतार. त्यांनी जावयासाठी मला घडवलं. "पोरगी दिलीये, आता पडू नका," म्हणाले.

दुसऱ्या पायावर गावभरच्या भिंतींचे शिंतोडे आहेत. शाळेचा पिवळा, दवाखान्याचा हिरवा. "या घोड्यावर डोळे मिटून उभं राहावं," असं रंगारी सांगायचा. मग लांब दांड्याचा रोलर आला आणि मी घरामागच्या गल्लीत भिंतीला टेकलो.

तिसऱ्याचं विशेष काही नाही. तो आहे म्हणून मी उभा आहे.

चौथ्याला कीड लागली.

याच हिवाळ्यात रंगाऱ्याच्या परसात एक पक्षी उतरला. मुठीएवढा, गळा लालभडक. बर्फाच्या देशातून वाट चुकून आलेला; इकडे कुणी कधी पाहिला नव्हता. सकाळी गल्ली दुर्बिणींनी भरली. परसाची भिंत उंच, म्हणून रंगाऱ्यानं मला उभं करून दिलं. एकेकानं चढायचं, पाहायचं, उतरून पुढच्याला हात द्यायचा. ना रेटारेटी, ना मोठा आवाज. अशी माणसं मी पाहिली नव्हती.

दातांचे एक म्हातारे डॉक्टर लेकीबरोबर आले होते. या पक्ष्यासाठी जन्मभर थांबलेले, पण गुडघे चढू देईनात. माझ्या शेजारीच घडीच्या खुर्चीत बसले.

"बाबा, मी वर जाऊन सांगते ना कसा दिसतो."

"सांग बाई. डोळे तुझे, हौस माझी."

लेक वर चढली. "पानांआड तारेवर बसलाय. लाल गळा. जरासुद्धा हलत नाही."

"दमला असेल हो," रांगेतलं कुणी हळहळलं.

मित्रांनो, तो रंगाऱ्याचा वाळत टांगलेला ब्रश होता. लाल रंगातला. तासभर सगळे त्याचंच कौतुक करत होते. पक्षी केव्हाच भिंतीखालच्या मोरीतून गल्लीत आला होता आणि माझ्या चौथ्या पायातल्या अळ्या टिपत होता. मला सांगता येईना.

डॉक्टरांची नजर खाली गेली.

"बाळ, उतरू नकोस," ते पुटपुटले. "तुझ्या पायाखाली आहे. उपाशी आहे गं. खाऊ दे त्याला."

लेकीचा उचललेला पाय तसाच राहिला. अख्खी रांग थिजली. फोटोसाठी कुणी बोटही हलवलं नाही. ती वाकली असती तर तो उडाला असता. म्हणून ब्रशकडेच पाहत तिनं विचारलं, "बाबा, कसा आहे?"

"मी सांगतो ना," डॉक्टर म्हणाले, आणि पोट भरून तो उडेपर्यंत हळू आवाजात सांगत राहिले.

संध्याकाळी रंगारी करवत घेऊन आला. चौथ्या पायाची भोकं बोटानं चाचपली आणि करवत परत घेऊन गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची डागडुजी जरूर करा. माझेही तीन पाय खुशाल ठोकून पाहा. चौथा मात्र हिवाळा सरेपर्यंत राहू द्या. त्यात अजून थोडं जेवण उरलंय.