घाटातला सिग्नल

दातांच्या डॉक्टरांना एकच नाद होता, संगणकावर आगगाडी चालवायच्या खेळाचा. नाव गाडीचं, पण डॉक्टरांचा सगळा जीव तिच्यामागच्या देखाव्यात. पेशंटची दाढ भरतानाही त्यांच्या डोक्यात डोंगरच असत. घरी आले की हात धुतले न धुतले तोच ते पडद्यासमोर बसत, एखाद्या टेकडीचा हिरवा रंग जरा उतरवत आणि मग पुन्हा चढवत.

"अहो, त्या खऱ्या खिडकीच्या काचा कधी पुसणार?" बायको विचारी.

"एवढं धुकं बसवतो आणि आलोच," डॉक्टर म्हणत.

या खटाटोपाचं मूळ होते दादा. थोरल्या भावानं जन्मभर इंजिन चालवलं, तेही एकाच घाटातून. धाकट्यानं काहीही करून दाखवलं की दादा "बरंय" एवढंच म्हणायचे. डॉक्टर झाला तेव्हाही "बरंय"च. आता साठी जवळ आली, टक्कल पडलं, तरी डॉक्टरांना दादांच्या तोंडून एकदा "वा!" ऐकायचं होतं. म्हणून जुने फोटो धुंडाळून त्यांनी दादांचा अख्खा घाट उभा केला होता.

रविवारी दादा आले. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवून हाती गाडी दिली. इंजिनाच्या काचेतून घाट दिसू लागला.

"हा डोंगर ओळखलास? आणि हा धबधबा? नुसत्या फेसानं माझा जीव काढलाय, दादा!"

दादांची नजर हलेना. शेवटी त्यांनी विचारलं, "सिग्नल कुठंय?"

"आहे की, त्या झाडाच्या..." डॉक्टरांची बोबडी वळली. पानन् पान हातानं लावलेलं ते लाडकं झाड त्यांनी नेमकं सिग्नलपुढेच रोवलं होतं. गाडी लाल दिवा ओलांडून उभ्या मालगाडीवर आदळली. धबधबा मात्र सुरेख पडत राहिला.

हातचं "बरंय" सोडून पळत्या "वा"च्या पाठी लागलं की असंच व्हायचं, डॉक्टरांनी स्वतःला सुनावलं.

"पण डोंगर तरी बरोबर आहेत ना?" त्यांनी केविलवाण्या आवाजात विचारलं.

"मला काय विचारतोस? मी पाहिलेत कुठे?" दादा म्हणाले. "नजर कायम रुळांवर नाहीतर सिग्नलवर. तुझी वहिनी विचारायची, घाट कसा दिसतो हो? मी म्हणायचो, बराय. गेली बिचारी, मी काही धड सांगितलं नाही तिला."

डॉक्टरांना भरून आलं.

दादा खुर्चीतून उठले आणि शेजारच्या स्टुलावर बसले. "आता तू चालव. मी डब्यात बसतो."

डॉक्टरांनी झाड मुळासकट उपटलं. पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे इंजिनाची काच, उजवीकडे डब्याची खिडकी. गाडी सुटली. उजवीकडून टेकड्या सरकू लागल्या, आणि स्टूल हळूच पुढे ओढल्याचा आवाज आला. दादांचा चेहरा कसा झालाय, हे एकदा बघावं म्हणून डॉक्टर तळमळत होते. पण समोर सिग्नल होता.