ग्लोव्हच्या आकाराचं कार्ड

क्लेटन हॅडलींनी चिमट्याने कार्ड उचललं, भिंगाखाली धरलं आणि मान हलवली.

"कात्री लागलीय याला."

अमेरिकेतल्या टोलीडो शहरात, कामगार हॉलमध्ये रविवारचा कार्डांचा मेळा भरला होता. वांडाच्या टेबलावर एकही चौकोनी कार्ड नव्हतं. चेंडूसारखी गोल, टोपीच्या आकाराची, त्रिकोणी झेंड्यांची, हात लांब करून चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या बाह्यरेषेवर कापलेली अशी बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांची जुनी कार्डं तिने एकतीस वर्षं जमवली होती. हॅडलींच्या हातात होतं ते ग्लोव्हच्या, म्हणजे चेंडू झेलायच्या हातमोज्याच्या, आकाराचं. १९५३ साली पावाच्या पाकिटातून मिळणारं.

"माझ्याकडे याच मालिकेतलं एक आहे," हॅडली म्हणाले. "जुन्या कार्डांच्या माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तेच छापलंय. त्याची करंगळी बारीक आहे, तुमची जाड. कुणीतरी घरी कापलेलं दिसतंय. नव्या आवृत्तीत मला 'संशयास्पद' असं लिहावं लागेल."

आजूबाजूची माणसं रेंगाळली. हॅडलींच्या पुस्तकात जे संशयास्पद, ते अख्ख्या देशात संशयास्पद.

"अगं, बोल की काहीतरी!" शेजारच्या टेबलावरून अर्लीन म्हणाली. "एरवी माझ्या डोनटच्या आकारातही चुका काढतेस."

वांडाने टेबलाखालची कापडी पिशवी वर घेतली. टॉवेलात गुंडाळलेला प्लायवूडचा जाड तुकडा बाहेर काढला. त्यात धारदार पोलादी पट्टी उभी बसवलेली होती. अंगठा, चार बोटं, मनगट. पट्टी वळत वळत जिथून निघाली होती तिथेच येऊन मिळाली होती.

हॅडलींनी चष्मा कपाळावर सरकवला. "हा कार्डं कापायचा साचा? कारखाना जळला तेव्हा सगळे साचे गेले म्हणतात."

"हा दुरुस्तीला घरी आला होता. माझे वडील साचे करायचे. पट्टी हातानेच वाकवायचे, छोट्या हातोडीने. करंगळीच्या वळणावर ती दोनदा तुटली. तिसऱ्यांदा त्यांनी वळण थोडं रुंद घेतलं." तिने आपलं कार्ड दोन बोटांत धरून पट्टीच्या आत सोडलं. ते अलगद तळाशी गेलं. कुठेही केसाएवढी फट राहिली नाही.

कुणीतरी हलकीच शीळ घातली.

हॅडलींनी चामडी फोल्डरमधून स्वतःचं कार्ड काढलं. माणूस सरळ होता; न मागता काढलं. वांडाने आपलं कार्ड बाजूला घेतलं आणि त्यांनी त्यांचं आत सोडलं. ते सैल पडलं. करंगळीपाशी फट, मनगटापाशी फट. झिजलेल्या कडा कुणीतरी कधीतरी सफाईने कापून टाकल्या होत्या.

हॅडलींच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. ते मुखपृष्ठ हॉलमधल्या निम्म्या पिशव्यांत होतं.

"बसलं का?" मागून अर्लीनने मान उंचावून विचारलं.

वांडाने साच्यावर तळहात ठेवून आतलं कार्ड झाकलं.

"माझं बसलं," ती म्हणाली.

माणसं हसली, टाळ्या पडल्या, गर्दी पांगली. हॅडलींनी आपलं कार्ड सावकाश काढून फोल्डरमध्ये ठेवलं. बराच वेळ ते फोल्डरचा बंद लावत राहिले.

"मुखपृष्ठ बदलावं लागेल," ते हळूच म्हणाले. "तुमचं कार्ड द्याल? छायाचित्रापुरतं."

"साच्यासकट देईन."

त्यांनी वही उघडली. "पुस्तकात चित्रकाराचं नाव असतं, छापखान्याचं असतं. साचे करणाऱ्याचं आजवर कुणी विचारलंच नाही. नाव सांगा."

"काझीमिएझ ग्राबोव्हिएत्स्की."

"अक्षरं सांगता का?"

तिने एकेक अक्षर सांगितलं. मग वाकून त्यांच्या वहीत बघितलं आणि मधलं एक अक्षर खोडून दुरुस्त करायला लावलं. कारखान्यात वडिलांना सगळे नुसतं 'कॅझ' म्हणत. पूर्ण नाव कागदावर आलं तेव्हा ते ओळीच्या टोकापर्यंत पोचलं होतं. वांडा ताठ बसली.

"आणि कार्डावरचा हा खेळाडू कोण?" पेन्सिल टेकवून हॅडलींनी विचारलं. "छपाई पुसट झालीय."

वांडाने कार्ड उजेडात धरलं. तो चेहरा ती बहुधा पहिल्यांदाच नीट बघत होती.

"ते तुम्हीच शोधा," ती म्हणाली. "मी आजवर कडाच बघत आले."