साच्यातलं 'सौ.'

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगते. त्या दिवशी मात्र ते माझ्यावरच तापलं.

दुष्काळाचं साल. गावोगावी टँकरवर नजर ठेवायला बायका नेमल्या होत्या, अन् पाण्यासाठी लोकांना फोन लावता यावा म्हणून त्यांची नावं-नंबर वेबसाइटवर टाकायचं काम शहरातल्या छावणी भागातल्या आमच्या ऑफिसला मिळालं. नानासाहेब सरांनी मला महिनाभर शिकवलं. नावं डेटाबेसमध्ये राहतात. पानाचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, आपण एकदाच लिहायचा. त्यात नावापुरती जागा सोडली की एकेक नाव आपोआप तिथं बसत जातं. "हे पान जमलं तर नोकरी पक्की, योगिनी. नाय तर परत सोयगावची बस धर," सर म्हणाले होते.

जमलं की! एका दमात एकशेबारा बायका स्क्रीनवर उतरल्या. त्याच दिवशी आई गावाहून आली होती. आमच्या गावच्या टँकरवर तीच होती. मी हौसेनं तिला खुर्चीत बसवलं.

आईनं बोट फिरवत नाव शोधलं अन् बोट तिथंच थांबलं. 'सौ. सखूबाई भिकन शिंगाडे.'

सरांनी सांगितलं म्हणून नावाच्या जागेआधी मी 'सौ.' लिहिलेलं. बाबा जाऊन तीन वर्षं झालेली. आग लागो माझ्या शिकण्याला! मला रडूच फुटलं.

सर म्हणाले, "रडती काय? अट टाक. नवरा असंल तर 'सौ.', नसंल तर 'श्रीमती'. डेटाबेसमध्ये एक रकाना वाढव अन् समद्यांना फोन लाव."

"अन् काय विचारू? बाई, तुमचा नवरा जिता हाय का?" माझा आवाज चढला.

"विचारावंच लागंल. रीत हाय ती."

आईनं पदर सावरला. "साहेब, टँकरमागं मीच पळते ना? मग पाण्याच्या फोनला कुंकू कशाला लागतंय?"

मी साचा उघडला अन् तिथलं एकच 'सौ.' पुसलं. पान परत उघडलं, तर एकशेबारा जणींचं एकदमच गेलेलं. नोकरी गेली, असंच मी धरून चालले.

सरांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. लई वेळ लावला.

"सोमवारी दहाला ये," ते म्हणाले. "उशीर चालायचा नाय."

आई मात्र अजून नावावरच होती. तिचं बोट मधल्या 'भिकन'वर आलं.

"उगी रडलीस बघ," ती म्हणाली. "तुझे बाबा हायेत की हितं."