रामाजींवर अविश्वास ठराव

इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात रामाजी इतकी वर्षं गादीवर बसत आले होते, की आपल्याशिवाय गिऱ्हाईक पायरीच चढणार नाही, असा त्यांचा ठाम समज होता. सत्तरी उलटली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी दुकानाला कुलूप लावायला ते स्वतःच उभे. मुलगा दुर्गेश मनातल्या मनात चरफडायचा. दुकान त्याला आपल्या पद्धतीनं चालवायचं होतं, पण बापासमोर तोंडातून शब्द फुटत नसे.

त्या रविवारी जेवणं आटोपल्यावर नात अश्लेषा राज्यशास्त्राचा अभ्यास मोठ्यानं करत बसली होती. लोकसभा लोक निवडतात, राज्यसभेचे बहुतेक खासदार राज्यांचे आमदार निवडतात, राष्ट्रपतींना खासदार आणि आमदार मिळून निवडतात, आणि न्यायाधीशांना तर कोणी मतंच देत नाही, त्यांची नेमणूक होते.

"अन् पंतप्रधान?" रामाजींनी विचारलं.

"ज्याच्यावर लोकसभेचा विश्वास, तो."

"मंग या घराचा पंतप्रधान मीच!"

"पण आबाजी, विश्वास उडाला तर लोकसभा त्याले खालीही उतरवते. अविश्वास ठराव!"

दुर्गेशला एवढंच हवं होतं. "मंग मी मांडतो ठराव," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा बापाविरुद्ध बोलला, तेही राज्यघटनेच्या आडून. "बाबांनी उद्यापासून गादी सोडावी."

रामाजी हसले. त्यांनी बसल्या बसल्या गणित मांडलं. दुर्गेश आणि त्याची बायको गोपिका विरोधात. आपण आणि बायको प्रेमलता एका बाजूला. बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत, आणि अध्यक्ष अश्लेषा, आबाजींची लाडकी. सरकार पक्कं! लेक मिनल बुटीबोरीहून व्हिडिओ कॉलवर "मी बाबांच्या बाजूनं" म्हणून ओरडत होती, पण "आत्या, तू राज्यसभा. तुले या ठरावावर मत नाही," म्हणून अश्लेषानं तिला गप्प केलं.

"घ्या मतदान," रामाजी ऐटीत म्हणाले. "जो हरला, त्यानं शब्द पाळाचा."

ठरावाच्या बाजूनं दुर्गेशचा हात वर गेला, मग गोपिकाचा. आणि मग, सुपारी कातरायची थांबवून, प्रेमलताबाईंचा.

दुर्गेशनंच घाबरून आपला हात खाली घेतला. रामाजींचा चेहरा पार उतरला. मुलाचं त्यांना काही वाटलं नाही, पण हिनं? ते उठले आणि बाल्कनीत जाऊन बसले.

थोड्या वेळानं प्रेमलताबाई मागोमाग आल्या.

"काहून वं? तुहा माह्यावर विश्वास नाई?"

"विश्वासाचं काय घेऊन बसले जी. दुकानावर तुमच्याइतका कोणाचा जीव नाई, मले ठाऊक आहे."

"मंग?"

"सकाळी डबा घेऊन जाता, रातच्याले थकून येता अन् झोपता. मले बोलाले कोणी नाई. लगन झाल्यापासून सारं तुमीच ठरवलं. दुकान, पोरीचं सासर, पंखा कुठं लावाचा तेही. मले कोणी इचारलंच नाई. आज पहिल्यांदा इचारलं, मंग मी सांगितलं. मले तुमी घरी पाहिजे."

रामाजींना गादी गेल्याचं दुःख होतंच, ते काही लगेच जाणार नव्हतं. पण हिचं मत आपण न विचारताच आपल्या खात्यात धरलं होतं, आणि मिळालेलं पहिलं मत हिनं आपल्यालाच घरी मागून घेण्यासाठी वापरलं, हे कळलं तसं त्यांना भरून आलं.

ते आत गेले, दुकानाच्या किल्ल्या दुर्गेशच्या हातावर ठेवून "सांभाळ गा" एवढंच म्हणाले आणि परत आले.

"आता सांग. उद्या काय कराचं आपण?"

प्रेमलताबाई गोंधळल्या. असल्या प्रश्नाची त्यांना सवयच नव्हती. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुमीच ठरवा न जी."

"नाई," रामाजी म्हणाले, आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढून उत्तराची वाट पाहत बसले.