चिमूटभर खाणं

माशांच्या खाऱ्या टाकीतल्या पाण्याची परीक्षानळी तिने खिडकीपाशी उजेडात धरली. पाणी आधी पिवळं झालं, मग नारिंगी, मग पुन्हा तेच डाळिंबी लाल. घाणीने वाढणारं नायट्रेट तसूभरही उतरलं नव्हतं. शेजारच्या नळीतला निळा रंगही गडदच. फॉस्फेटनेही ठाण मांडलं होतं.

"उतरत नाही म्हणजे काय?" ती पुटपुटली. "उतरवीनच."

नवरा जहाजावर होता. बटणाएवढ्या तुकड्यापासून त्याने वाढवलेलं जांभळं प्रवाळ तिच्या भरवशावर होतं. त्याची टोकं आता तपकिरी पडली होती, एक फांदी तर पांढरीफटक. एकदम सगळं पाणी बदललं तर प्रवाळाला झटका बसतो, म्हणून ती मीठ कालवून थोडं थोडं बदलत होती. फेस काढणाऱ्या यंत्राचा पेला रोज घासत होती. बाळ झोपलं की हेच काम.

आज वाळूतला गाळ नळीने ओढताना बादलीत काहीतरी टपटपलं. माशांच्या खाण्याचे फुगलेले दाणे. चांगले मूठभर. ती तर माशांना फक्त गोठवलेली कोळंबी धुऊन द्यायची. दाण्यांचा डबा तिने केव्हाच वर ठेवून दिला होता.

तेवढ्यात सासूबाई वाळलेले कपडे घेऊन आत आल्या आणि सगळे मासे त्यांच्या बाजूच्या काचेकडे धावले. तासभर टाकीत हात घालून बसलेल्या तिच्याकडे एकानेही ढुंकून पाहिलं नव्हतं.

"आई, तुम्ही यांना खायला घालता?"

"मी?" सासूबाईंनी एका टॉवेलची दुसऱ्यांदा घडी घातली. "चिमूटभर. तोंड वासून उभे राहतात मेले, बघवत नाही."

"दिवसातून किती वेळा?"

"मागतील तेव्हा."

"मासे सारखेच मागतात, आई. ते कुजतं खाली. प्रवाळ मरतंय त्याने."

सासूबाईंचा हात थांबला. "माझ्या लेकाचं ते जांभळं?"

तिने पांढऱ्या फांदीकडे बोट केलं. सासूबाईंनी उशांमागून डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. मग जरा हसून, "बाळाला नुसतं बोट लावलं तरी तू साबण घेऊन येतेस. हे मासे आपले काही म्हणायचे नाहीत."

नळीतून पाणी बादलीत पडत राहिलं. तिने बादली बदलली.

त्यानंतर परीक्षानळ्यांतला रंग उतरायला लागला. लालाचा नारिंगी झाला, निळा फिकटला. पांढरी फांदी गेली ती गेलीच, पण बाकीच्या टोकांवर एका सकाळी बारीक जांभळे तंतू बाहेर आले. तरी तिने पाणी बदलायचं सोडलं नाही. अजून बराच पल्ला होता.

दुपारी शेवटची बादली ओतून ती हात पुसत होती, तेवढ्यात बाळ रडत उठलं. त्याची खायची वेळ झाली होती. स्वयंपाकघरात वाटी तयार होती. सासूबाई बाळाच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि नेहमीसारख्या तिथेच थांबल्या.

"आई," ती वळून न बघता म्हणाली, "माझे हात खारट आहेत. तुम्हीच भरवा ना त्याला."

"मी?"

"त्याला घाई नाही चालत. सावकाश."

"मला शिकवतेस होय!" म्हणत सासूबाई आत वळल्याही.

तिचे हात कोरडे झाले होते. तिने ते पुन्हा पाण्यात घातले.