कुरकुरणारं दार

आत्याच्या कामाच्या खोलीत मोठ्याने श्वास घ्यायलाही बंदी होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर दुहेरी पडदा, आणि मधोमध उंच दांडीवर लटकलेला मायक्रोफोन. रेडिओवरच्या नाटकांना लागणारे आवाज आत्या इथे तयार करायची. कोपऱ्यात एक म्हातारा काँप्युटर होता. त्याच्या पडद्यावर चित्रं नव्हती, रंग नव्हते, माउससुद्धा नव्हता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ, बस.

"हा असा कसा गं, आंधळ्यासारखा?" पहिल्याच दिवशी भिंगरीने विचारलं होतं. तिला एका जागी बसवत नसे, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत.

"आंधळा नाही, शहाणा आहे. त्याला चित्रं काढायला लावली की तो तापतो. तापला की त्याचा पंखा घरघरतो. आणि ती घरघर माझ्या पावसात येऊन बसते. नुसत्या अक्षरांवर कसा गुपचूप चालतो बघ."

सुट्टी लागल्यापासून भिंगरी त्या काळ्या पडद्यापुढे बसायला शिकली होती. pwd लिहिलं की आपण कुठे उभे आहोत ते कळतं. ls म्हणजे दिवा लावून खोलीत काय काय आहे ते बघणं. cd म्हणजे पलीकडच्या खोलीत जाणं, आणि cd पुढे दोन टिंबं दिली की आल्या पावली मागे. mkdir म्हणजे नवी खोली, म्हणजेच नवं फोल्डर, बांधणं. mv म्हणजे सामान उचलून दुसरीकडे नेणं, cp म्हणजे मूळ वस्तू जागेवर ठेवून तिची जुळी करणं.

"आणि चुकलं तर?" भिंगरीने विचारलं होतं.

"चुकलं तरच तो बोलतो. गप्प बसला की काम झालं असं समज. तुझ्यासारखा नाही तो, काम न करता बडबडणारा."

त्या दिवशी सकाळी आत्याची धांदल होती. दुपारच्या नाटकाचे आवाज तासाभरात रेडिओ केंद्रावर न्यायचे होते. वर्षानुवर्षांचे सगळे आवाज एकाच फोल्डरमध्ये कोंबलेले, जुन्या ट्रंकेत कपडे कोंबावेत तसे.

"पाऊस एका खोलीत, पावलं दुसऱ्या, दारं तिसऱ्या. एवढं लावून दे. मग केंद्रावर तुलाही नेते," आत्या म्हणाली. "आणि त्या खुर्चीवर चुळबुळू नकोस. ती किरकिरते, माझ्या कामात येते."

"मी हलतसुद्धा नाहीये!"

खुर्ची लगेच किरकिरली. आत्याने नुसतं वळून पाहिलं, आणि कानांवर हेडफोन चढवून ती कागद चुरगळायला बसली. रेडिओवर चुरगळलेल्या कागदाची आग होते, हे भिंगरीला आता ठाऊक होतं.

भिंगरीने paaus नावाची खोली बांधली आणि पावसाचे सगळे आवाज उचलून तिच्यात टाकले. मग paaul बांधली आणि पावलं तिच्यात गेली. काँप्युटर एका शब्दानेही बोलला नाही. भिंगरीला चेव आला. दारांची पाळी आली तेव्हा तिने daar1.wav हे पहिलं दार उचलून daar मध्ये टाकलं, मग daar2.wav, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक दार हलवण्याआधी ती ते थोडंसं ऐकून घेत होती. एक दार फट्कन आपटत होतं, एक दवाखान्यातल्या दारासारखं हळूच मिटत होतं. आणि एक होतं सुताराच्या जुन्या कारखान्याचं. ते आधी कण्हायचं, मग विचारात पडल्यासारखं थांबायचं, आणि शेवटी एकदम रडकुंडीला यायचं. ते तिने दोनदा ऐकलं.

काँप्युटर आपला गप्पच.

सगळी दारं संपल्यावर तिने ls लिहिलं. paaus होतं, paaul होतं, daar होतं. झालं की! आता दारांच्या खोलीत एक चक्कर मारावी म्हणून तिने cd daar लिहिलं, आणि सकाळपासून मुका असलेला काँप्युटर बोलला. हे फोल्डर नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

"फोल्डर नाही? मग मी इतका वेळ टाकत कशात होते?"

तिने ते daar वाजवून पाहिलं. दुकानाचं काचेचं दार हलकेच सुस्कारा टाकून मिटलं. ते तर तिने अगदी शेवटी हलवलं होतं. मग बाकीची?

दारं गेली तरी कुठे? आत्याला हाक मारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिला वाटलं, आधी कळू तर दे. आवाजांच्या गर्दीत आत्याची एक शिंक होती, चुकून रेकॉर्ड झालेली, कोणाच्याच उपयोगाची नसलेली. भिंगरीने cp ने शिंकेची जुळी केली. एक खोकलाही सापडला, त्याचीही जुळी केली. मग शिंकेची जुळी mv ने gammat मध्ये टाकली. gammat नावाची खोली तिने मुद्दाम बांधलीच नव्हती. gammat वाजवलं. शिंक! म्हणजे शिंक कुठेही गेली नव्हती, फक्त तिचं नाव gammat झालं होतं. आता खोकल्याची जुळी gammat मध्ये टाकली आणि पुन्हा वाजवलं. खोकला. शिंक गायब.

"हात्तिच्या!" ती पुटपुटली, आणि दुसऱ्याच क्षणी तिचे डोळे भरून आले. खोली बांधलेलीच नव्हती. म्हणून पहिल्या दाराचं नाव daar झालं, दुसरं दार येऊन त्याच्या जागी बसलं, तिसरं दुसऱ्याच्या. प्रत्येकाने आधीच्याला पुसून टाकलं होतं.

तिने जाऊन आत्याच्या बाहीला धरलं. आत्याने हेडफोन काढले.

"आत्या, मी दारं घालवली. सगळी. एक सोडून."

आत्या पडद्यापाशी आली. भिंगरीने शिंक आणि खोकला वाजवून काय घडलं ते दाखवलं. आत्या ऐकत राहिली.

"हे तू आपलं आपण शोधून काढलंस?"

"हो. पण सुताराचं दार गेलं ना. परत आणता येईल?"

"नाही गं राणी. इथे कचऱ्याची टोपली नसते हात घालून काढायला." आत्या स्टुलावर टेकली. "चूक माझीही आहे. एवढ्या वर्षांत मी एक प्रत बाजूला ठेवली नाही. आणि तुला गप्प म्हणजे झालं एवढंच सांगितलं. काय झालं ते बघून घ्यावं, हे सांगितलंच नाही."

"मग परत रेकॉर्ड करूया! सुताराकडे जाऊ!"

"त्याने ते दार काढून लोखंडी शटर बसवलंय. आणि नेमकं तेच लागतंय. मुलगा कैक वर्षांनी घरी येतो, कोणी एक शब्द बोलत नाही, फक्त दार उघडतं. अख्खं नाटक त्या दारावर टांगलंय."

दोघींनी घरातली दारं धुंडाळली. न्हाणीघराचं, माळ्याचं, कपाटाचं. एक दार चूं करेल तर शपथ.

"तुझ्या काकांची कृपा!" आत्या वैतागली. "हा माणूस आयुष्यभर तेलाची कुपी घेऊन फिरलाय. एक बिजागरी जिवंत ठेवली नाही."

"मी काय केलं आता?" बाहेरून काका ओरडले.

"काही नाही! हेच तर म्हणतेय, काही केलं नसतंत तर बरं झालं असतं!"

खोलीत परतल्यावर भिंगरी मटकन खुर्चीत बसली. खुर्ची कण्हली.

भिंगरी तशीच थिजली. मग अगदी हळू मागे रेलली. खुर्ची कण्हली, थांबली. आणखी थोडं रेलल्यावर रडकुंडीला आली.

"आत्या, कागदाची आग होते ना? मग..."

आत्याने पुढचं ऐकलंच नाही. मायक्रोफोनची दांडी तिने खाली, खुर्चीच्या पाठीपाशी ओढली होती. "आता एकदा तरी न चुळबुळता हल," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

भिंगरी रेलली. कैक वर्षांनी घरी आलेला माणूस दार कसं ढकलेल, याचा विचार करत रेलली. आधी भीतभीत, मग थांबून, मग एकदम.

आत्याने डोळे उघडले. "हे सुताराच्या दारापेक्षा म्हातारं आहे."

आवाज जपून ठेवायचं काम भिंगरीकडेच आलं. तिने आधी mkdir daar लिहिलं, तर काँप्युटर पुन्हा बोलला: या नावाचं काहीतरी आधीच आहे. तिने काचेच्या दाराला त्याचं जुनं नाव परत दिलं, मग खोली बांधली. ls करून पाहिलं. मग mv लिहून daar च्या पुढे एक तिरपी रेघ ओढली.

"ती रेघ म्हणजे उंबरठा," आत्याने सांगितलं. "उंबरठा लिहिलास आणि आत खोली नसली, तर तो गप्प बसत नाही. लगेच ओरडतो."

"हे आधी सांगायचं ना!"

"आधी सांगितलं असतं तर तुला शिंकेची गंमत कुठून कळली असती?"

दारांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर गेली, आणि त्या दोघी केंद्रावर. तिथल्या दिग्दर्शकाने आवाज ऐकला, मान हलवली आणि विचारलं, "सुताराचं ना हे? ओळखलं मी." आत्याने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने छताकडे.

संध्याकाळी रेडिओवर तेच नाटक पुन्हा लागलं. काका हातातलं काम सोडून ऐकत होते. मुलगा पायऱ्या चढला, थांबला, आणि दार कण्हत कण्हत उघडलं. काकांनी डोळे पुसले. मग उठले, फळीवरची तेलाची कुपी घेतली आणि कामाच्या खोलीत शिरले.

"हा आवाज मी याच घरात ऐकलाय," ते म्हणत होते. "कुठून येतो तेच कळेना. भिंगरे, ऊठ बघू जरा."

भिंगरी त्याच खुर्चीत जराही न हलता बसली होती. "मी नाही उठणार," ती म्हणाली.