मास्तरांचा आवाज

मित्रांनो, चालू केल्यावर चहा उकळून होईपर्यंत मी जागा होत नाही, इतका जुना संगणक आहे मी. एका अरुंद दुकानात कुणाचा पडदा, कुणाची डिस्क असं गोळा करून मला जोडलं गेलं आणि एका घड्याळजींनी मला घरी आणलं. त्यांच्या लेकीचा अभ्यास, तिची गाणी, तिचे खेळ, सगळं माझ्या पोटात मावलं. शेजारचे मला बघायला यायचे आणि मी उगाच भाव खायचो.

माझ्याकडे सॉफ्टवेअर राहायला येतं, ते क्वचितच एकटं येतं. एखादा प्रोग्राम बसवला की त्याच्या मदतीला लहान लहान पॅकेजेस मागोमाग येतात. पडद्यावर त्यांचं चित्र नसतं, नावंही धड वाचता येत नाहीत. पण त्यांच्यावाचून मोठ्यांचं काम अडतं.

पुढे घड्याळजींची दृष्टी गेली. लेकीने माझ्यात वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवला. कळ दाबली की तो अक्षर बोलायचा, पण अगदी सपाट. विनोद असो की वाईट बातमी, सूर एकच. घड्याळजी त्याला 'मास्तर' म्हणायचे, त्याच्या उच्चारांची थट्टा करायचे आणि रोज दुपारी त्याच्याच सोबतीने घड्याळदुरुस्तीचं पुस्तक लिहायचे. आयुष्यभराचं कसब हातातच राहून जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी मात्र थकत चाललो. लेक वैतागली आणि एका सकाळी कपाट आवरावं तशी मला आवरायला बसली. तिने जुने खेळ काढले, गाण्यांचा प्रोग्राम काढला. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग तिला एक चमत्कारिक नावाचं लहानसं पॅकेज दिसलं. हे कशाला हवंय, असं पुटपुटत तिने तेही निवडलं. मी विचारलं, हे काढलं तर वाचून दाखवणारा प्रोग्रामही जाईल, पुढे जायचं का? तिने न वाचताच 'हो' दाबलं आणि ती कामावर निघून गेली. मला विचारता येतं मित्रांनो, ओरडता येत नाही.

दुपारी घड्याळजींनी कळ दाबली. मास्तर गप्प. त्यांनी पुन्हा दाबली, मग कान माझ्याजवळ आणला. शेवटी चाचपडत खणातून एक मनगटी घड्याळ काढलं, त्याला किल्ली दिली आणि कानाशी धरलं. टिकटिक ऐकल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "बाबा, आज लिहिलं नाहीत?"

"मास्तर बोलेना गं. मला वाटलं, आता कानही गेले."

खांद्यावरची पिशवीही न उतरवता ती माझ्यासमोर बसली. या वेळी माझी प्रत्येक ओळ तिने बोट ठेवून, मोठ्याने वाचली, मगच 'हो' म्हटलं. ते लहानसं पॅकेज आणि मास्तर, सगळं पुन्हा बसलं. बाबांनी कळ दाबली. मास्तर आपल्या सपाट आवाजात 'घ' म्हणाले. "अजून सर्दी आहे वाटतं याला," बाबा म्हणाले. लेक हसली आणि तिने डोळे पुसले.

मित्रांनो, अडगळ खुशाल काढा. फक्त तिच्या आधाराने कोण उभं आहे, ते आधी बघा. एक दिवस मलाही इथून हलवतील, त्याचं मला दुःख नाही. पण त्याआधी मास्तरांना नव्या घरात, म्हणजे नव्या संगणकात, नीट बसवा, आणि बाबांना एकदा कळ दाबून पाहू द्या.